दोन मैलांचं चित्र

राणीसावरगाव माझं आजोळ. तिथल्या आज्जीला मालिकेतल्या सुनांची नावं कधी आठवत नाहीत, पण निरमाचं गाणं मात्र तोंडपाठ! घरातली पावडर कधीच बदलली, गाणं काही गेलं नाही. असं का होतं? मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे मराठीच्या चुका पोटात घाला. पण उत्तर मला एका मराठी माणसाच्या आयुष्यात सापडलं. दादासाहेब फाळके.

मित्रांनो, हा माणूस टीव्हीच्या कितीतरी आधीचा. जन्म 30 एप्रिल 1870, त्र्यंबकेश्वर. मुंबईचं जे. जे. स्कूल आणि बडोद्याचं कलाभवन इथे शिकले. फोटोग्राफी केली, छपाईचा धंदा काढला, भागीदारांशी पटेना म्हणून सोडला. मग येशूच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला आणि झपाटून गेले. डोळ्यांवर ताण येऊन काही काळ दिसेनासं झालं, तरी थांबले नाहीत. विमा पॉलिसी गहाण टाकून 1912 मध्ये लंडनला गेले आणि कॅमेऱ्याची व्यवस्था करूनच परतले.

पण सिनेमाला पैसा कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप वाढताना रोज थोडं थोडं चित्रण केलं. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर झरझर दिसली आणि सावकार तयार झाला! माझ्या मते ही जाहिरातच होती. तिच्यात आश्वासन नव्हतं, करून दाखवलं होतं. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, शिवाय फिल्मला छिद्रं पाडण्यापासून सगळ्यांच्या जेवणापर्यंत सगळं सांभाळलं.

3 मे 1913 ला 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. सुरतेला मात्र पहिल्या दिवशी गल्ला म्हणे फक्त तीन रुपये! फाळक्यांनी जाहिरात दिली: 57,000 फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, तेही तीन आण्यांत. गर्दी लोटली. आकडा डोक्यात बसला की निघत नाही, आज्जीच्या गाण्यासारखाच.

आता आपण पडलो इंजिनिअर, हिशोब केलाच! फिल्मच्या एका फुटात 16 फोटो. म्हणजे 57,000 फोटोंना साधारण 3,560 फूट. पाऊण मैलसुद्धा नाही! वाचून मी गप्प झाले, कारण गेल्या वर्षी प्रदर्शनाच्या पोस्टरवर मीही आमच्या मॉडेलची एफिशियन्सी वाढवून लिहिली होती. गर्दी झाली, आणि एका सरांच्या पहिल्याच प्रश्नाला माझी बोलती बंद. फाळक्यांचं निभावलं, कारण आत गेल्यावर सिनेमा खरोखर बघण्यासारखा होता. आमच्याकडे आत काहीच नव्हतं.

पुढे 1917 चा 'लंका दहन' तुफान चालला. बोलपट आले आणि फाळके मागे पडले. 1937 चा 'गंगावतरण' शेवटचा. 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकमध्ये ते गेले, हातात फारसं काही नसताना. 1969 पासून त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो.

यंदा आमच्या पोस्टरवर मोजलेलाच आकडा आहे, आणि मॉडेल दारातच चालू ठेवणार आहोत. दोन मैल नाही, वाटाण्याचं रोप. बघायला नक्की या!