गोपाळ गणेश आगरकर : पुरावा मागणारा एक सत्यनिष्ठ पुरुष

धाराशिव जिल्ह्यांतील लोहारा तालुक्यांत माकणी म्हणून गांव आहे. तेथें तेरणा नदीस बांध घालून निम्न तेरणा प्रकल्पाचा मोठा जलाशय केलेला आहे. बांधावर उभें राहून तो पाण्याचा विस्तार पाहिला म्हणजे डोळे निवतात. परंतु त्या भागांतील चाळिशी उलटलेलें कोणी माणूस बरोबर असलें, तर बोलणें थोड्याच वेळांत इ. स. १९९३ च्या सप्टेंबर महिन्याच्या ३० तारखेकडे वळतें. गणपतीचें विसर्जन करून लोक निजले होते. पहाटे चार वाजण्याच्या किंचित् अगोदर भूमि हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासचीं पुष्कळ गांवें जमीनदोस्त झालीं व जवळ जवळ दहा हजार माणसें दगडमातीखालीं गेलीं.

असें कां झालें, ह्या प्रश्नाला तेव्हां दोन प्रकारचीं उत्तरें ऐकूं येत. कोणी म्हणत कीं हा देवाचा कोप, कोणाच्या तरी पापाचें फळ. शास्त्रज्ञ म्हणत कीं भूमीच्या पोटांतील खडकांवर दाब सांचत जातो व एके दिवशीं ते सरकतात. त्यांतल्या कित्येकांनीं माकणीच्या ह्याच पाण्याच्या भाराकडे बोट दाखविलें, आणि कित्येकांस तें पटलें नाहीं. खेड्यापाड्यांतील आमच्या वाचकांस हा प्रश्न नवा नाहीं. पटकी आली, पाऊस लांबला, तरणाताठा मुलगा गेला, म्हणजे तो पुनः पुढें येतो. दृश्य कारणें सांगितलीं म्हणजे सर्व सांगून झालें काय? कीं अंतःकरणाला जें दिसतें त्यालाही जगाच्या ज्ञानांत जागा आहे? हा विचार करतांना आम्हांस ज्याची आठवण होते तो मनुष्य आमच्या मंडळींतला नव्हता, किंबहुना कोणत्याच देवळांतला नव्हता. त्याचें चरित्र आम्ही आज सांगतों.

गोपाळ गणेश आगरकर ह्यांचा जन्म इ. स. १८५६ च्या जुलै महिन्याच्या १४ तारखेस कऱ्हाडजवळच्या टेंभू गांवीं झाला. घरीं अठराविश्वें दारिद्र्य. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असें शिक्षणासाठीं फिरावें लागलें. कधीं कचेरींत उमेदवारी, कधीं दवाखान्यांत औषधें तयार करण्याचें काम, कधीं वर्तमानपत्रांत लेख लिहून मिळालेले चार रुपये, अशावर दिवस काढले. पुढें पुण्यास डेक्कन कॉलेजांत असतांना अंगांत घालावयास एकच सदरा होता व तो रात्रीं धुवून सकाळीं घालीत, असें सांगतात. अशा मुलाकडून घरच्यांनीं मोठ्या पगाराची आशा धरावी हें साहजिकच होतें. आगरकरांनीं मात्र एम्. ए. च्या परीक्षेच्या सुमारास आईस पत्र लिहून कळविलें कीं आपण पोटापुरत्या पैशावर संतोष मानून सर्व वेळ लोकांच्या हितासाठीं घालविणार आहों. आईस काय वाटलें असेल तें आईच जाणे. शब्द मात्र त्यांनीं शेवटपर्यंत पाळला.

चिपळूणकर व टिळक ह्यांनीं इ. स. १८८० सालीं काढलेल्या न्यू इंग्लिश स्कुलांत ते लवकरच जाऊन मिळाले, आणि इ. स. १८८१ सालीं केसरी पत्र निघालें तेव्हां त्याचे पहिले संपादक झाले. कोल्हापूरच्या दिवाणांविषयीं छापलेल्या मजकुरावरून खटला होऊन त्यांस व टिळकांस इ. स. १८८२ सालीं मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. तेथेंही त्यांनीं शेक्सपियरच्या हॅम्लेट नाटकाचें मराठी रूपांतर केलें. पुढें टिळकांशीं मतभेद वाढले, केसरी सुटला, आणि इ. स. १८८८ सालीं त्यांनीं सुधारक हें स्वतःचें पत्र सुरू केलें. इ. स. १८९२ पासून ते फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपाल होते. हा झाला त्यांच्या कामाचा सांगाडा. आमचें लक्ष आहे तें त्यांच्या मनाकडे.

मिल्ल व स्पेन्सर ह्या इंग्रज तत्त्ववेत्त्यांचे ग्रंथ वाचून त्यांची अशी खात्री झाली होती कीं, जें प्रत्यक्ष अनुभवाला व तर्काला उतरतें तेंच ज्ञान, बाकीचें केवळ ऐकीव. शास्त्रांत लिहिलें आहे, वाडवडील करीत आले, हें त्यांस कारण म्हणून मान्य नव्हतें. बालविवाह, विधवांचें केशवपन, जातीचा अभिमान, ह्यांपैकीं जें जें बुद्धीच्या कसोटीस उतरलें नाहीं त्यावर त्यांनीं लेखणी चालविली. इ. स. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे ह्यांनीं विधवेशीं विवाह केला तेव्हां आगरकर त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. पुण्यांतील सनातनी इतके चिडले कीं त्यांनीं ह्या जिवंत मनुष्याची प्रेतयात्रा काढली. ती पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला, पण लेखणी खालीं ठेवली नाहीं.

देवाविषयींही त्यांनीं हीच रीत लाविली. देवतोत्पत्ति ह्या विषयावरील त्यांच्या निबंधाचा रोख असा कीं, रानटी स्थितींतील माणसास वीज, वादळ, स्वप्न व मरण ह्यांचा उलगडा होईना. भीतीनें व अज्ञानानें त्यानें प्रत्येक शक्तीमागें कोणी तरी कर्ता कल्पिला. आणि पिढ्यानुपिढ्या त्या कल्पनेचे देव झाले. हें वाचून रागावणारे आमच्यांत पुष्कळ निघतील. आम्ही मात्र म्हणतों कीं आधीं माकणीच्या बांधावर उभें राहून पाहावें. ज्या आईचीं दोन लेंकरें भिंतीखालीं गेलीं तिला हें तुझ्या पापाचें फळ असें सांगणारा देव खरोखर भीतीनेंच निर्माण केलेला आहे, आणि त्याला मोडून काढण्यांत आगरकरांनीं धर्माचें कांहीं नुकसान केलें असें आम्हांस वाटत नाहीं. त्या रात्रीं इतकीं माणसें कां मेलीं ह्याचें दृश्य कारण अगदीं साधें होतें. त्या भागांतील जुनीं घरें माळवदाचीं. दगड व माती रचून केलेल्या रुंद भिंती, चुन्याचा सांधा नाहीं, आणि वर लाकडांवर मातीचा जाड भार. भूमि हालतांच भिंती फुटल्या आणि माळवद निजलेल्यांच्या अंगावर आलें. हें कळलें म्हणून पुढें घरें बांधतांना कोपरे सांधण्याची व भिंतींभोंवतीं लोखंडी सळयांचा पट्टा घालण्याची काळजी घेण्यांत आली. देवाचा कोप म्हणून स्वस्थ बसलों असतों तर हा पट्टा कोणास सुचला नसता.

इतकें कबूल करूनही आगरकरांच्या विचारांतील एक जागा आम्हांस अपुरी वाटते, आणि ती सांगितली पाहिजे. एखादी श्रद्धा कशी उत्पन्न झाली हें सांगितल्यानें ती खोटी ठरत नाहीं. तान्हेल्या वाटसरूस मृगजळ दिसतें हें खरें; परंतु त्याला तहान आहे एवढ्यावरून जगांत पाणीच नाहीं असें सिद्ध होत नाहीं. आगरकरांसारख्या तर्ककुशल मनुष्यास हें दिसलें नसेल असें नाहीं. म्हणूनच कीं काय, ते देव नाहींच अशी ग्वाही देत फिरले नाहींत. विश्वाचें आदिकारण मानवी बुद्धीला अज्ञेय आहे असें मानून तेथें थांबले. पुष्कळ लोक त्यांना सरसकट नास्तिक म्हणतात. तो शब्द त्यांना नीट बसत नाहीं.

ह्याच तेरणा नदीच्या कांठीं तेर हें गोरोबाकाकांचें गांव आहे. नामस्मरणांत देहभान विसरून माती तुडवितां तुडवितां त्यांच्या पायांखालीं स्वतःचें मूल तुडविलें गेलें, अशी कथा सर्वांच्या तोंडीं आहे. भाविक ऐकणारा त्यांतील तल्लीनता पाहतो. आगरकरांनीं अगोदर मुलाची चौकशी केली असती असें आमचें अनुमान आहे, आणि आमच्या मतें ती करणें योग्यच. ज्याला आंतून दर्शन घडलें त्याचा अनुभव मुक्याच्या गुळासारखा असतो. तो दुसऱ्याच्या तळहातावर ठेवतां येत नाहीं. मग इतरांनीं तो खरा कसा मानावा? त्या मनुष्याच्या वागणुकीवरून, ह्यापेक्षां दुसरें माप आम्हांस ठाऊक नाहीं. अनुभवानंतर तो शेजाऱ्याशीं अधिक दयेनें, अधिक खरेपणानें वागूं लागला काय, एवढेंच पाहतां येतें.

ज्या वर्षीं आगरकर वारले त्याच इ. स. १८९५ सालीं, फेब्रुवारीच्या १० तारखेस, नारायण वामन टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. तेही कोंकणांतल्या गरीब ब्राह्मण घरांतले, तेही रूढीवर रागावलेले. परंतु आगगाडींत एका अपरिचित युरोपियन गृहस्थानें दिलेला नवा करार वाचतां वाचतां त्यांच्या अंतःकरणानें जें पाहिलें तें तर्काच्या तागडींत मावणारें नव्हतें. त्यासाठीं त्यांनीं नातलग सोडले आणि कांहीं वर्षें पत्नीचाही वियोग सोसला. दोघांनींही किंमत दिली. एकानें पुरावा नाहीं म्हणून मानण्यास नकार दिला आणि लोकनिंदा सोसली. दुसऱ्यानें आंत दिसलें तें नाकारतां येईना म्हणून तीच निंदा सोसली. आम्ही दुसऱ्याच्या वाटेनें चालणारे आहों. तरी पहिल्याला शत्रु म्हणण्यास आमची जीभ वळत नाहीं.

आगरकरांविषयीं आमचें एक कोडें मात्र सुटत नाहीं. स्वर्गाचा लोभ नाहीं, नरकाचें भय नाहीं, असा हा मनुष्य दुसऱ्यांच्या विधवा मुलींसाठीं आपलें आयुष्य कां झिजवीत होता? मनुष्यजातीचें सुख वाढावें म्हणून, असें ते सांगत. परंतु परक्याचें सुख आपल्या सुखाहून मोलाचें मानावें, हें कोणत्या तागडींत तोलून त्यांनीं ठरविलें? दगडाचें वजन करतां येतें, पाण्याचा दाब मोजतां येतो. कर्तव्याचें वजन त्यांनीं कोठें केलें? कदाचित् त्यांच्याही अंतःकरणाला असें कांहीं दिसत होतें ज्याला ते दुसरें नांव देत. हें आमचें मत आहे. त्यांनीं तें कबूल केलें नसतें, आणि त्यांच्या माघारीं तें त्यांच्या माथीं मारणें बरें नव्हे.

दम्यानें त्यांस फार दिवस ग्रासलें होतें. श्वास लागे तेव्हां रात्र बसून काढावी लागे, तरी कॉलेजचें काम व सुधारकाचें लिखाण चालूच असे. इ. स. १८९५ च्या जून महिन्याच्या १७ तारखेस ते वारले. वयाचीं ३९ वर्षें पुरीं होण्यास महिनाही उरला नव्हता. त्यांच्या मागें उशाशीं एक पुडी सांपडली, असें सांगतात. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडूं नये म्हणून वीस रुपये त्यांत त्यांनीं अगोदरच बांधून ठेविले होते.