हेन्री स्ट्रीटच्या परिचारिका आणि घरातली खाट

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात १८९३ साली स्थलांतरित बायकांसाठी घरगुती शुश्रूषेचा वर्ग चालत असे. तिथे शिकवणाऱ्या लिलियन वाल्ड यांना एक लहान मुलगी आपल्या आजारी आईकडे घेऊन गेली. दोन खोल्यांत सात जणांचे कुटुंब आणि वर भाडेकरू. बाळंतपणानंतर रक्तस्राव झालेली आई मळक्या बिछान्यात पडून होती. वाल्ड यांनी तिला स्वच्छ केले, बिछाना बदलला. त्या घरातून बाहेर पडल्या तेव्हा पुढचे आयुष्य कुठे घालवायचे हे त्यांचे ठरले होते.

वाल्ड यांचा जन्म १८६७चा, ओहायोतल्या सिनसिनाटीचा. घर खाऊनपिऊन सुखी, जर्मन ज्यू वंशाचे. न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या परिचारिका विद्यालयातून त्या १८९१मध्ये बाहेर पडल्या. डॉक्टर होण्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयात नावही घातले, पण ते शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले. मैत्रीण मेरी ब्रूस्टर यांच्यासह त्या याच वस्तीत राहायला गेल्या. १८९५मध्ये बँकर जेकब शिफ यांनी हेन्री स्ट्रीटवरचे २६५ क्रमांकाचे घर मिळवून दिले आणि कामाला पत्ता मिळाला.

त्या काळी घरी शुश्रूषा म्हणजे श्रीमंतांसाठी पगारी परिचारिका आणि गरिबांसाठी धर्मादाय. वाल्ड यांना दोन्ही नको होते. ज्याला परवडेल त्याने फेरीमागे काही सेंट द्यावेत, नसेल त्याने देऊ नयेत. बोलावणे डॉक्टरांकडूनच यायला हवे अशीही अट नव्हती. शेजारीणही बोलावू शकत असे. परिचारिका एका चाळीचे जिने पुन्हा उतरण्याऐवजी गच्चीवरून शेजारच्या इमारतीत जात. एका परिचारिकेचे गच्ची ओलांडतानाचे छायाचित्र आजही पुस्तकांतून छापले जाते.

हे काम फक्त मायेचे नव्हते. न्यूमोनियाचेच पाहा. प्रतिजैविके अजून कित्येक वर्षे दूर होती. ताप आठवडाभर चढा राहायचा आणि मग एकतर घाम येऊन उतरायचा, नाहीतर रुग्ण जायचा. अशा वेळी अंग पुसून ताप आटोक्यात ठेवणे, पाणी व पातळ अन्न पोटात जाईल हे पाहणे, खोलीत हवा खेळती ठेवणे, नाडी-श्वास मोजून डॉक्टरांसाठी नोंद ठेवणे, आणि आपण नसताना काय करायचे ते घरच्यांना शिकवणे, एवढाच उपचार हाती होता. रुग्णालयातही याहून फारसे वेगळे काही मिळत नसे.

१९१४ साली हेन्री स्ट्रीटच्या परिचारिकांनी न्यूमोनियाचे ३,५३५ रुग्ण घरीच सांभाळले. त्यातले ८.०५ टक्के दगावले. त्याच काळात शहरातल्या चार मोठ्या रुग्णालयांत १,६१२ रुग्णांपैकी ३१.२ टक्के दगावले होते. वाल्ड यांनी हे आकडे आपल्या पुस्तकात अभिमानाने दिले. तुलना मात्र सरळ नाही. अधिक खालावलेले, घरी बघायला कोणी नसलेले रुग्ण रुग्णालयात जाण्याची शक्यता जास्त होती. तरीही रुग्णालयाबाहेर गंभीर आजार सांभाळणे वेडेपणाचे आहे, हा समज या आकड्यांपुढे टिकणे अवघड होते.

खर्चाचा प्रश्न त्यांनी वेगळ्या वाटेने सोडवला. १९०९मध्ये मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीला त्यांनी पटवले, की विमाधारक कामगाराच्या घरी परिचारिका पाठवली तर मृत्यू कमी होतील आणि कंपनीचाही फायदा होईल. न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली ही सोय देशभर पसरली.

१९१८च्या इन्फ्लुएन्झात रुग्णालये ओसंडून वाहू लागली. तेव्हा शहरातल्या परिचारिका संस्थांची जी आपत्कालीन समिती बनली, तिची सूत्रे वाल्ड यांच्याकडे होती. लस नव्हती, औषध नव्हते. घरोघरी जाऊ शकणारे हात तेवढे होते, आणि तेही अपुरे.

वाल्ड १ सप्टेंबर १९४० रोजी कनेक्टिकटमधल्या वेस्टपोर्ट येथे वारल्या. तोवर सल्फा औषधे आली होती, पाठोपाठ पेनिसिलिन आले. आजारी माणसाची जागा रुग्णालयातच, हे मग गृहीत धरले जाऊ लागले. विमा कंपनीनेही १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला आपली परिचारिका सेवा बंद केली. हेन्री स्ट्रीटचा परिचारिका विभाग मात्र १९४४मध्ये स्वतंत्र संस्था झाला, आणि त्या संस्थेच्या परिचारिका आजही न्यूयॉर्कमध्ये रुग्णांच्या घरी जातात.