मॅडम वॉकर : धुण्याच्या टबापासून कारखान्यापर्यंत

लग्नसराईत आम्ही युसूफ वडगावला एका लग्नघरी गेलो होतो. ओसरीवर तीन-चार मुली विजेच्या गरम चिमट्याने एकमेकींचे कुरळे केस सरळ करीत बसल्या होत्या. केस करपल्याचा वास अंगणापर्यंत येत होता. एकीच्या केसांची टोके पार झडलेली, कंगव्यात तुकडेच तुकडे. कुरळे केस फोटोत गावंढळ दिसतात, असे तिचे म्हणणे. केस पुन्हा वळतील म्हणून पाणी लावायचे नाही आणि चिकट दिसतील म्हणून तेल लावायचे नाही, हा तिचा नियम. आम्ही पडलो वकील. आमचा केसशी संबंध कोर्टातला. तरी त्या मुलींना आम्ही एका बाईची गोष्ट सांगितली. चळवळीच्या वाचकांनाही ती ठाऊक असावी, म्हणून येथे मांडत आहोत.

तिचे मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. जन्म २३ डिसेंबर १८६७, अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात, डेल्टा गावच्या कापसाच्या मळ्यावर. आईबाप गुलामगिरीत राबलेले. त्या घरात स्वतंत्र म्हणून जन्मलेले हे पहिले लेकरू. १८७३ साली महात्मा फुल्यांनी आपला 'गुलामगिरी' ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, तेव्हा ही पोर पाच वर्षांची होती. सातव्या वर्षी ती पोरकी झाली. चौदाव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी मुलगी आणि विशीच्या उंबरठ्यावर वैधव्य. लेकीला घेऊन ती सेंट लुईसला भावांकडे आली. भाऊ केशकर्तनाचा धंदा करीत. तिने मात्र पुढची कितीतरी वर्षे दिवसाला जेमतेम दीड डॉलरवर लोकांची धुणी धुतली.

तिथेच तिचे केस गळू लागले. टाळूला खवडे पडले, जागोजाग चकत्या दिसू लागल्या. यात दैव, शाप, करणी काही नव्हते. कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या घरांत नळ नव्हते, केस धुणे महिनामहिना लांबायचे, साबण सोड्याचा जळजळीत आणि पोटात धड अन्न नाही. टँकरची वाट पाहणाऱ्या आणि ऊसतोडीला जाऊन फडाशेजारच्या कोपीत राहणाऱ्या आमच्या जिल्ह्यातील भगिनींना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

केसांची औषधे विकणाऱ्या ॲनी टर्नबो या कृष्णवर्णीय बाईकडे साराने आधी विक्रेती म्हणून काम केले. हे श्रेय ॲनीला दिलेच पाहिजे. वाट तिने पाडली होती. १९०५ साली सारा डेन्व्हरला गेली, पुढच्या वर्षी चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी लग्न केले आणि मॅडम सी. जे. वॉकर या नावाने स्वतःचे मलम विकू लागली. मलमात मुख्यतः व्हॅसलीनसारखा स्निग्ध पदार्थ आणि गंधक. गरम लोखंडी कंगवा तिनेच शोधला असे सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही. कंगवा आधीपासून होता. तिची पद्धत टाळू धुण्यापासून सुरू होत असे. मग मलम, आणि कंगवा सर्वांत शेवटी.

त्या मुलींनी हा क्रमच उलटा केला होता. टाळूचे नैसर्गिक तेल सरळ केसावरून टोकापर्यंत उतरते, कुरळ्या केसाच्या वळणांवर ते अडते. म्हणून कुरळा केस मुळातच कोरडा आणि लवकर तुटणारा. उष्णतेने केसातले काही बंध सुटून तो सरळ होतो, पाणी लागले की पूर्ववत होतो. पाणी हा त्याचा शत्रू नव्हे. केस वेळेवर धुवावेत. धुण्याआधी खोबरेल लावावे. ते केसाच्या आत शिरते आणि प्रथिनांची झीज कमी करते. ओल्या केसाला चिमटा कधीही लावू नये. आतल्या पाण्याची वाफ होऊन केस फुटतो. पूर्ण वाळल्यावर, कमी आचेवर, एकदाच फिरवावा, आणि रोज तर नकोच. गुंता रुंद दातांच्या फणीने टोकाकडून सोडवत वर जावे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रिया रात्री रेशमी रुमाल बांधून झोपतात, तेही ओलावा टिकावा आणि उशीच्या घासण्याने केस तुटू नयेत म्हणून.

१९१० साली मॅडम वॉकरने इंडियानापोलिसला बस्तान बसवले, तिथे कारखाना उभारला. हजारो कृष्णवर्णीय स्त्रिया तिच्या विक्रेत्या झाल्या. ज्यांना स्वयंपाकघर आणि धुणे याखेरीज काम मिळत नव्हते, त्या स्वतःच्या कमाईच्या झाल्या. पण विरोध घरातूनही झाला. ती गोऱ्यांची नक्कल शिकवते, असा आक्षेप होता. आम्हाला तो अर्धा मान्य आहे. केस सरळ असले तरच बाई सुंदर, ही समजूत मालकांचीच. परंतु ज्या बाईच्या डोक्यावर केसच उरले नव्हते, तिला नकलेचा दोष देणे सोपे असते. १९१२ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या व्यापारी परिषदेत तिला बोलू दिले जात नव्हते. ती श्रोत्यांतून उठून बोललीच. पुढच्या वर्षी त्याच परिषदेत ती निमंत्रित वक्ता होती.

त्याच १९१३ साली तिच्या लेकीने न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये केशभूषागृह थाटले आणि बाबासाहेब त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. मॅडम स्वतः १९१६ साली हार्लेमला राहायला आली. बाबासाहेब त्याच वर्षी लंडनला गेले.

१९१७ साली तिने आपल्या विक्रेत्या स्त्रियांचे अधिवेशन फिलाडेल्फियात भरवले. जास्त माल विकणारीला बक्षीस होतेच, समाजकार्यास जास्त दान देणारीलाही होते. कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारण्याच्या प्रकारांविरुद्ध राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना तार याच अधिवेशनातून गेली. अशा हत्यांविरुद्धच्या लढ्याला तिने १९१९ मध्ये पाच हजार डॉलर जाहीर केले. २५ मे १९१९ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, तिचे निधन झाले.

एक वकिली तपशील राहिला. इंडियानापोलिसच्या एका नाट्यगृहाने कृष्णवर्णीय म्हणून तिच्याकडे तिकिटाचे जादा पैसे मागितले होते. तिने आपले वकील फ्रीमन रॅन्सम यांच्यामार्फत दावा ठोकला आणि स्वतःची इमारत बांधायचे ठरवले. नाट्यगृह, कारखाना आणि केशभूषागृह एकाच छताखाली असलेली ती इमारत तिच्या पश्चात, १९२७ च्या डिसेंबरात उघडली. त्याच महिन्यात महाडला बाबासाहेब स्त्रियांच्या सभेत स्वच्छ राहण्याविषयी, नीटनेटके लुगडे नेसण्याविषयी आणि अंगावरचे कथलाचे दागिने टाकून देण्याविषयी बोलत होते.