आर्कने होरपळलेला फेरांटी

सेबॅस्टियन डी फेरांटी १८६४ साली लिव्हरपूलला जन्मला. विशीतच त्याने लंडनला वीज द्यायला डेप्टफर्डमध्ये १०,००० व्होल्टचं पॉवर स्टेशन उभारायला घेतलं. कागदी इन्सुलेशनची केबलही त्याचीच! पण नोव्हेंबर १८९० मध्ये ग्रोव्हनर गॅलरी सबस्टेशनात स्विचिंग करताना आर्क पेटला, विझेचना, सबस्टेशन जळालं. १८९१ मध्ये त्याने ती कंपनी सोडली, हाय व्होल्टेज मात्र नाही. १९३० मध्ये तो झुरिकला वारला.

आर्कचा प्रश्न फ्यूजलाही छळतो. मोठ्या फॉल्टला वाळूतली चांदीची पट्टी अनेक ठिकाणी एकदम वितळते, आर्क विझतो. करंट थोडाच जादा असेल तर एखाद्याच ठिकाणी वितळते, आर्क चालूच राहतो. म्हणून काही फ्यूजमधली स्ट्रायकर पिन उडून स्विच उघडते. तेव्हा फॉल्ट छोटा म्हणून गाफील राहू नका!