रिकाम्या पाळण्यापलीकडची कृपाबाई

आपल्याकडे कुठल्याही बाईची ओळख झाली की तिसरा-चौथा प्रश्न ठरलेला असतो. मुलं किती? कृपाबाई सत्यनाथन यांच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर फार थोडक्यात आटोपतं. एकच मूल झालं आणि पहिला वाढदिवस यायच्या आतच ते गेलं. त्यानंतर त्या घरात पुन्हा पाळणा हलला नाही. पण कृपाबाईंचं आयुष्य काही एवढ्यात आटोपत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यांच्या इंग्रजी कादंबऱ्यांनी नाव मिळवलं त्या या लेखिकेचं माहेर आपल्या नगरचं, आजच्या अहिल्यानगरचं, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं.

१४ फेब्रुवारी १८६२ हा त्यांचा जन्मदिवस. वडील हरिपंत खिस्ती, आई राधाबाई. खिस्ती हे त्यांचं मूळचंच आडनाव, धर्मांतरामुळे पडलेलं नव्हे. हरिपंत ब्राह्मण घरातले. अमेरिकन मराठी मिशनच्या काळात त्यांनी नगरला ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्यांच्या तरुण पत्नीपुढे आभाळच फाटलं. नातलग तुटले, जात तुटली. पुढे राधाबाई मनानं या नव्या श्रद्धेपर्यंत पोचल्या, पण ती वाट सोपी नव्हती. आईची ही घालमेल कृपाबाईंनी पुढे आपल्या ‘सगुणा’ या आत्मचरित्रात्मक कादंबरीत मोठ्या जिव्हाळ्यानं रंगवली.

घर भावंडांनी भरलेलं होतं. वडील लवकर गेले. मग थोरला भाऊ भास्कर हाच छोट्या कृपेचा गुरू झाला. तो तिला पुस्तकं आणून देई, तिच्याशी बरोबरीच्या नात्यानं वाद घाली. तोही तरुणपणीच गेला. मुंबईच्या शाळेत असताना एका अमेरिकन डॉक्टर बाईंच्या सहवासानं कृपेच्या मनात वैद्यकीचं स्वप्न रुजलं. शिक्षणासाठी इंग्लंडला जायची संधीही चालून आली होती. पण प्रकृती नाजूक, म्हणून परदेशाऐवजी १८७८ साली ती मद्रासच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाली. आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या त्या १८८३ साली. म्हणजे त्यांच्या पाच वर्षं आधी एक मराठी मुलगी घरापासून इतक्या दूर डॉक्टरीचा अभ्यास करत होती!

पहिल्या वर्षी ती अभ्यासात चमकली, पण अतिश्रमांनी तब्येत ढासळली. १८७९ साली कॉलेज सोडून तिला पुण्याला बहिणीकडे यावं लागलं. डॉक्टर होणं राहून गेलं ते कायमचंच.

मद्रासला ती ज्यांच्या घरी राहत होती ते रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाथन आणि त्यांच्या पत्नी ॲना हे तिथल्या ख्रिस्ती समाजातलं मान्यवर जोडपं. त्यांचा मुलगा सॅम्युएल. त्याच्याशी कृपाबाईंचा स्नेह जुळला आणि १८८१ साली लग्न झालं. दोघांच्या पसंतीनं झालेलं, दोन भाषांचं लग्न! सॅम्युएल उटीला हेडमास्तर झाले. तिथे कृपाबाईंनी मिशनच्या मदतीनं मुसलमान मुलींसाठी शाळा काढली, इतर शाळांतही शिकवलं आणि नियतकालिकांत लेख लिहायला सुरुवात केली. लेखाखाली स्वतःचं नाव न घालता त्या एक भारतीय स्त्री एवढीच सही करत. पुढे राजमहेंद्री, कुंभकोणम आणि १८८६ साली पुन्हा मद्रास, अशी बिऱ्हाडं बदलली. १८८७-८८ मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकातून ‘सगुणा’ क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली.

लेखणीला यश येत होतं आणि त्याच दिवसांत ते एकुलतं एक बाळ गेलं.

कृपाबाई खचल्या. इतक्या, की त्यांना उपचार घ्यावे लागले. श्रद्धावान बाई होत्या, पाद्र्यांच्या घरची लेक आणि सून होत्या, तरीही खचल्या. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. देवावर विश्वास असेल तर रडू येता कामा नये, असा एक अलिखित नियम आपण श्रद्धावंतांवर लादतो. कृपाबाईंचं आयुष्य तो नियम खोटा ठरवतं.

मी हे लिहिते आहे ती लिंबागणेशहून. बीड जिल्ह्यातलं हे गाव गणपतीच्या जुन्या देवस्थानासाठी ओळखलं जातं. मूल व्हावं म्हणून नवस बोलणाऱ्या बायका मी इथे वर्षानुवर्षं पाहते आहे. आमचं घर ख्रिस्ती, म्हणून नवसाचा नारळ नाही, एवढाच काय तो फरक. बाकी डोळ्यांतलं पाणी तेच. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली. आम्हांला मूल नाही. दवाखाने झाले, प्रार्थना झाल्या, उपास झाले. डोहाळजेवणाचं बोलावणं शेजारणीला येतं आणि आपल्या दारावरून पुढे जातं, हेही अंगवळणी पडलं. वांझ हा शब्द तोंडावर कुणी उच्चारत नाही, पण ओटी भरताना हात जरा थबकतो, तेव्हा तो ऐकू येतोच.

अशा बाईला चर्चमध्ये धीर देताना सगळे बायबलमधल्या हन्नाची गोष्ट सांगतात. हन्ना मंदिरात रडली, तिनं देवाला साकडं घातलं, आणि तिला शमुवेल झाला. सारेला म्हातारपणी मुलगा झाला, राहेलीला झाला, अलीशिबेला झाला. सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण या सगळ्या गोष्टींचा शेवट पाळण्यापाशी होतो. ज्यांची गोष्ट तिथे पोचतच नाही त्यांनी काय समजायचं? आपली प्रार्थना कमी पडली? त्याच बायबलात यशया संदेष्टा निपुत्रिकांना धीर देतो, तो निराळाच आहे. मुलाबाळांनी राहणाऱ्या नावापेक्षाही टिकाऊ नाव देवाच्या घरात त्यांच्यासाठी आहे, असं तो सांगतो. तिथे मूल होण्याची अट नाही. ही शिकवण जगून दाखवणारं कुणी मी शोधत होते, आणि मला कृपाबाई भेटल्या.

बाळाच्या दुःखापाठोपाठ क्षयानं त्यांना गाठलं. मुंबईला डॉक्टरांनी निदान केलं आणि हा आजार बरा होण्यातला नाही हे स्पष्ट झालं. त्या काळी क्षयावर औषधच नव्हतं. हाती वेळ थोडा आहे हे कळल्यावर कृपाबाई दुसरी कादंबरी लिहायला बसल्या. तिचं नाव ‘कमला’. नाशिककडच्या डोंगरांच्या सावलीत वाढलेल्या एका ब्राह्मण मुलीची ही कहाणी. लहानपणी लग्न, सासरचा जाच, नवऱ्याची दुसरी बाई, मग नवऱ्याचा मृत्यू आणि त्यापाठोपाठ एकुलत्या एका मुलीचाही. कमलेवर जीव असणारा रामचंद्र तिला लग्नाविषयी विचारतो, पण ती नकार देते आणि उरलेलं आयुष्य विधवा आणि अनाथ मुलांसाठी वेचते.

मूल गमावलेल्या आईनं, मरणाच्या दारात बसून, आपल्या नायिकेला पुन्हा मूल देऊन सुखी केलं नाही. कादंबरीत ते सहज करता आलं असतं. त्याऐवजी त्यांनी तिच्या मायेला दुसऱ्यांच्या लेकरांकडे वाट काढून दिली. शिवाय नायिका ख्रिस्ती नाही, हिंदू आहे. दुःखाला धर्म नसतो हे त्यांनी न सांगता दाखवलं.

आणखी एका गोष्टीचा विचार करावा असं मला वाटतं. त्या काळात मूल नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी बायको करणं हा रिवाजच होता. मुंबई प्रांतात हिंदूंमधल्या द्विभार्या प्रथेला कायद्यानं बंदी आली ती १९४६ साली आणि देशभर १९५५ साली. कृपाबाईंचं लग्न ख्रिस्ती पद्धतीचं, एकपत्नीव्रताचं. सवतीचं भय त्यांच्या उशाशी नव्हतं. श्रद्धेनं दिलेला हा आधार काही केवळ मनाचा नव्हता, तो रोजच्या जगण्यातला होता.

पण समाजाची सगळीच व्यवस्था इतकी कनवाळू नव्हती. आपल्याकडे १९५६ चा दत्तकाचा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरता. ख्रिस्ती जोडप्यानं मूल घरी आणलं तरी १८९० च्या कायद्यानुसार ते पालक ठरत, आईबाप नव्हे. बाल न्याय कायदा २००० साली झाला, २००६ साली त्यात सुधारणा झाली, आणि कुठल्याही धर्माच्या जोडप्याला पूर्ण अर्थानं दत्तक घेण्याची वाट खुली झाली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानंही ती स्पष्ट केली. आमच्या पिढीतल्या अनेक घरांना हे अजून ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम सांगते. तसंच, दोष बाईतच असतो ही समजूतही आता सोडायला हवी. कारण पुरुषात असण्याची शक्यताही मोठी असते, म्हणून तपासणी दोघांचीही व्हावी लागते. १९७८ साली इंग्लंडमध्ये आणि त्याच वर्षी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांनी नळीतून गर्भधारणा साधली. १९८६ साली मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांनीही ती साधून दाखवली. कृपाबाईंच्या काळात यातलं काहीच नव्हतं. आज आहे, तरी प्रत्येकीला यश येत नाही आणि खर्च प्रत्येकीला पेलत नाही. त्या उरलेल्या बायकांचं काय, हा प्रश्न १८८८ साली होता तसाच आजही आहे.

कृपाबाईंनी ‘कमला’ अंथरुणावर पडल्या पडल्या पुरी केली. १८९४ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्या गेल्या. त्याच वर्षी ‘कमला’ आणि पुढच्या वर्षी ‘सगुणा’ पुस्तकरूपानं आली. भारतीय स्त्रीनं इंग्रजीत लिहिलेली पहिली आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणून ‘सगुणा’चं नाव अभ्यासक आजही घेतात.

त्यांना डॉक्टर व्हायचं होतं, ते झालं नाही. आई व्हायचं होतं, ते सुख हाती येऊन निसटलं. दोन्ही वेळा त्या आधी मोडून पडल्या आणि मग उठल्या. जे मिळालं नाही त्याचा हिशेब मांडत बसण्याऐवजी उरलेल्या दिवसांचं काय करायचं, एवढंच त्यांनी ठरवलं. कृपा म्हणजे मागितलेलं मिळणं, असं आपण धरून चालतो. न मिळाल्यावरही माया आटू न देणं, हीदेखील कृपाच. नगरच्या या लेकीचं नाव मला म्हणूनच सार्थ वाटतं.