चेहऱ्याचे भेटकलम : सर हॅरॉल्ड गिलीज

(द्वितीय वर्ष, कला)

अब्रू गेली की आपण नाक कापले गेले असे म्हणतो, आणि फार लाज वाटली की तोंड दाखवायला जागा उरली नाही असे म्हणतो. हे वाक्प्रचार ज्यांनी घडवले त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : माणसाचा चारचौघांतला वावर त्याच्या चेहऱ्यावर अवलंबून असतो. लढाईत हात किंवा पाय गमावलेल्या शिपायाला गाव हार घालते. पण ज्याचा जबडा किंवा नाक तोफगोळ्याने नेले, त्याला पाहून तेच गाव मान फिरवते. अशा हजारो शिपायांना पुन्हा मान वर करून चालता यावे म्हणून ज्यांनी आपले सारे कसब पणाला लावले, त्या सर हॅरॉल्ड गिलीज यांचा हा अल्प परिचय.

हॅरॉल्ड गिलीज यांचा जन्म १७ जून १८८२ रोजी न्यूझीलंडमधील डनेडिन या गावी झाला. आठ भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते अगदी लहान असतानाच वडील वारले. लहानपणी पडून त्यांचे कोपर मोडले आणि तो हात कायमचा काहीसा आखडला. तरीही केंब्रिजला शिकत असताना १९०४ साली ते विद्यापीठाच्या नौकाशर्यतीत उतरले, आणि पुढे गोल्फमध्येही त्यांनी नाव कमावले. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते नाक, कान व घशाचे डॉक्टर झाले. पुढचे आयुष्य सुखाचे आणि पैशाचे होते. पण १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले.

ते युद्ध खंदकांतले होते. शिपायाचे धड मातीआड सुरक्षित असे, पण डोके वर काढले की गोळी किंवा गोळ्याचा तुकडा तोंडावर बसे. १९१५ साली गिलीज फ्रान्समध्ये गेले. तेथे व्हालादिये नावाचे दंतवैद्य मोडलेले जबडे कसे बसवतात हे त्यांनी पाहिले. पॅरिसमध्ये मोरेस्तँ या शल्यविशारदाची एक शस्त्रक्रियाही पाहिली, आणि त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. परत येऊन त्यांनी सैन्याच्या अधिकाऱ्यांकडे वेगळ्या विभागाचा आग्रह धरला आणि ऑल्डरशॉट येथील लष्करी रुग्णालयात तो मिळवला. आघाडीवरून जखमी नेमके आपल्याकडेच यावेत म्हणून त्यांनी स्वतःच्या खिशातून १० पौंड खर्चून पत्ता छापलेल्या चिठ्ठ्या घेतल्या व त्या युद्धखात्याकडे पाठवल्या. जुलै १९१६ मध्ये सोमची लढाई सुरू झाली. २०० जखमी येतील अशी तयारी होती. आले सुमारे २०००.

जागा पुरेना, म्हणून १९१७ साली सिडकप येथे केवळ चेहऱ्याच्या जखमांसाठी क्वीन्स हॉस्पिटल उभे राहिले. तेथे ५००० हून अधिक रुग्णांवर ११००० हून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. वॉर्डात आरसे ठेवत नसत. गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर काही बाके निळ्या रंगाने रंगवली होती. या बाकांवर असे जखमी बसलेले असतील, हे लोकांना आधीच कळावे आणि त्यांनी दचकू नये, हा त्यामागचा हेतू. दचकणाऱ्यासाठी सोय होती. पण ज्याला पाहून लोक दचकत, त्याला निळ्या बाकावर बसताना काय वाटत असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

गिलीज यांचे काम समजण्यासाठी शरीराचा एक नियम ध्यानात घ्यावा लागतो. कातड्याचा जाड तुकडा कापून दुसरीकडे नुसता शिवला तर तो जगत नाही, कारण त्याला रक्त मिळत नाही. आमच्याकडे आंब्याचे भेटकलम बांधतात. कुंडीतले रोप झाडाच्या फांदीला बांधून ठेवतात. फांदी लगेच तोडत नाहीत. दोन्ही एकजीव होईपर्यंत ती आपल्या झाडाचाच रस पीत राहते. सांधा जुळला की मगच ती मूळ झाडापासून कापतात. चेहऱ्याचेही तसेच. छातीच्या किंवा खांद्याच्या कातड्याची पट्टी एका बाजूने मूळ जागी ठेवून दुसरे टोक चेहऱ्यावर शिवायचे आणि तेथे नवे रक्त सुरू होईपर्यंत थांबायचे.

पण अशी पट्टी उघडी राहिली की आतून चिघळे, आणि त्या काळी पेनिसिलिन नव्हते. ऑक्टोबर १९१७ मध्ये विकरेज नावाच्या भाजलेल्या खलाशावर शस्त्रक्रिया करताना पट्टीच्या कडा आपोआप आत वळत असल्याचे गिलीज यांच्या लक्षात आले. त्यांनी त्या कडा एकमेकींना शिवून टाकल्या आणि पट्टीची नळी केली. आता ओली बाजू आत झाकली गेली, रक्त खेळते राहिले आणि जखम चिघळण्याचा धोका पुष्कळ घटला. रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे फिलातोव्ह यांनी हीच युक्ती स्वतंत्रपणे शोधली होती. पण तिचा सर्वाधिक उपयोग सिडकपला झाला.

यशाइतकेच एक अपयशही सांगितले पाहिजे. लमली नावाच्या तरुण वैमानिकाचा सारा चेहरा जळाला होता. गिलीज यांनी छातीवरच्या कातड्याचा फार मोठा भाग एकाच वेळी त्याच्या चेहऱ्यावर आणला. शरीराला ते झेपले नाही, कातडे सडले आणि मार्च १९१८ मध्ये तो तरुण दगावला. यातून गिलीज जे शिकले ते त्यांनी पुढे जन्मभर शिष्यांना सांगितले : जे उद्यावर टाकता येईल ते आज करू नये. इतरत्र आळसाचे वाटणारे हे धोरण येथे प्राण वाचवणारे ठरले.

स्प्रेकली नावाच्या अधिकाऱ्याचे नाक १९१७ साली युद्धात गेले होते. गिलीज यांनी बरगडीची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, कोरून प्रथम त्याच्या कपाळाच्या कातड्याखाली बसवली, ती तेथे रुजू दिली आणि मग कपाळाच्या कातड्यासह खाली वळवून नाक केले. ते नाक प्रथम इतके सुजले की सहकारी हसले. गिलीज थांबले. सूज उतरली, आणि १९२० साली तो अधिकारी चांगले नाक घेऊन घरी गेला.

कपाळाच्या कातड्याचे नाक करण्याची ही मूळ रीत आपल्या पुण्याची म्हणून युरोपात पोहोचली होती. इंग्रजांच्या फौजेतील कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक टिपूच्या सैनिकांनी कापले. पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने मेणाचा साचा घेऊन कपाळाच्या कातड्याचे नवे नाक बसवले. हा वृत्तान्त ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आला आणि १८१४ साली कार्प्यू यांनी लंडनमध्ये ती शस्त्रक्रिया केली. त्या कारागिराचे नाव मात्र वृत्तान्तात नाही. आमच्या घरात कॉलेजात येणारा मी पहिलाच, म्हणून मला ही गोष्ट फार लागते. हातात विद्या होती, पण लेखणी नव्हती. गिलीज यांनी उलट केले. टोंक्स या चित्रकाराकडून रुग्णांची चित्रे काढवली, छायाचित्रे जपली आणि १९२० साली सारे अनुभव ग्रंथात घातले.

१९३० साली त्यांना सर ही पदवी मिळाली. दुसऱ्या महायुद्धातही ते राबले. ऑगस्ट १९६० मध्ये, ७८ व्या वर्षी, एका मुलीच्या पायावर शस्त्रक्रिया करीत असतानाच त्यांना मेंदूचा विकार झाला आणि १० सप्टेंबरला ते वारले.

पुढे विज्ञान फार लांब गेले. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील डॉक्टरांनी नाकातील कूर्चेच्या थोड्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून ५ रुग्णांच्या नाकपुड्या नव्याने घडवल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. तरीही त्या कूर्चेवर पांघरायला कातडे रुग्णाच्याच चेहऱ्याचे, रक्तपुरवठा न तोडता घ्यावे लागले. पेशी काचेच्या भांड्यात वाढवता येतात. रुजणे मात्र शरीराच्या सवडीनेच होते.

आपल्याकडे स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या कितीतरी बाया पदर पुढे ओढून उरलेले आयुष्य काढतात. त्यांच्यासाठी शहाण्या डॉक्टरांची आणि सुसज्ज रुग्णालयांची गरज आहेच. पण चेहरा परत मिळायला वर्षे लागतात, आणि तोवर त्यांना पाहून मान न फिरवणे हे तुम्हां-आम्हांला विनाखर्च जमण्यासारखे आहे. सिडकपची ती निळी बाके आपल्या मनात तरी रंगवली जाऊ नयेत.