राहून गेलेला आवाज

बहिणाबाई चौधरींची कविता आपल्यापैकी अनेकांनी आधी ऐकली, मग वाचली. माझंही तसंच झालं. पण ऐकला तो आवाज त्यांचा नव्हता.

जळगावजवळच्या असोदे गावी २४ ऑगस्ट १८८० रोजी त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी नथूजी चौधरींशी लग्न होऊन त्या जळगावला आल्या. ऐन तिशीत वैधव्य आलं. पदरी तीन मुलं आणि शेतीचा भार. अक्षरओळख नव्हती. जात्यावर बसलं, शेतात हात चालू लागले की ओव्या सुचत आणि वाऱ्यावर विरून जात. कवी असलेले त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरची माणसं यांनी टिपून घेतल्या, तेवढ्या उरल्या.

१९०२ साली कोलकात्यात गौहरजानचं गाणं तबकडीवर उतरलं, तेव्हा बहिणाबाई बाविशीत होत्या. पुढे जवळजवळ पन्नास वर्षं त्या ओव्या रचत होत्या; पण ते यंत्र या शेतकरणीच्या ओसरीपर्यंत पोचलं नाही. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या. १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. १९६१च्या 'मानिनी' चित्रपटात वसंत पवारांनी त्यातल्या कवितांना चाली दिल्या. पुढे यशवंत देवांच्या चाली आणि उत्तरा केळकरांचा स्वर यांनी ही कविता घरोघर नेली.

या ध्वनिमुद्रणाचे उपकार मोठेच. लेवा गणबोलीतले जे शब्द छापील पानावर परके वाटत, ते कानावर पडताच आपले झाले. पण चाल एकदा मनात बसली की पुस्तक उघडलं तरी डोळे त्याच चालीने धावतात. जात्याची लय निराळी. मूठभर दाणे टाकायला हात थांबतो, ओळही थांबते. त्या थांबण्यात पुढची ओळ सुचते. वाद्यमेळाने बांधलेल्या तीन-चार मिनिटांच्या गाण्यात तेवढी उसंत कुठली?

हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी पुढे गावोगावच्या बायांकडून लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी त्या बायांच्याच आवाजात मुद्रित आहेत. बहिणाबाईंच्या वाट्याला जे आलं नाही, ते या अनाम राहिल्या असत्या अशा ओवीकारणींना मिळालं. आधी त्या ओव्या ऐकाव्यात, मग बहिणाबाईंचं पुस्तक उघडून मोठ्याने, सावकाश वाचावं, असं मी सुचवेन. त्यांचा आवाज परत येणार नाही. पण त्यांच्या ओळीला तिची उसंत परत देणं आपल्या हातात आहे.